रिकामा भाग

गायकसाहेब,

इतक्या वर्षांनी फोन केलास आणि "कशी आहेस" विचारायच्या आधीच ओरडलास, "त्या रॅपवाल्या कार्ट्यांनी आपलं गाणं चोरलं! मी वकील केलाय. तू फक्त साक्ष दे."

आपलं? आपण एकत्र होतो तेव्हा तर गिटारवरचं ते मऊमऊ प्रेमगीत तुझं एकट्याचं होतं. कॅसेटवर तुझं नाव होतं, ड्रमवाल्याचं होतं, फोटो काढणाऱ्याचंही होतं. माझं तेवढं राहून गेलं.

आज भाचीने ते नवं गाणं ऐकवलं. धडाधडा ठोके, शिव्या, आणि त्यांच्याखाली माझं गुणगुणणं, वेग वाढवून उंदरासारखं चिरकं केलेलं. आपल्या त्या प्रेमगीतात तू तोंड उघडण्याआधीचं. कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरनी छडी मारून शिकवलेला तो लांब श्वास त्यांनी चिंधीसारखा फाडलाय. अंगाचा तिळपापड झाला.

"यात गायकसाहेबांचा आवाज कुठे आहे गं?" मी विचारलं.

"मावशी, हे रॅपवाले जुन्या गाण्यातला मुख्य गायक नसलेलाच तुकडा शोधून उचलतात. रिकामा भाग."

तूही तेच म्हणायचास. "इथे रिकामा भाग आहे, तू जरा हुं हुं कर."

तेव्हा साक्ष देईन, पण खरी देईन. तुझा एक सूरही कुणी घेतलेला नाही. चोरी माझी झाली, तीही दुसऱ्यांदा. पहिल्या चोरानेच बोंब मारावी, हे मात्र नवीन.

हे पत्र पोस्टात टाकणार नाही. तू यातलाही फक्त तुझाच भाग वाचशील. कोर्टात मात्र पूर्ण ऐकावं लागेल.

तुझी,
हुं हुं करणारी