दुसऱ्यांच्या वतीने माफी

अण्णा, काल इथे जर्मनीत, एर्लांगेनमध्ये एका राष्ट्राध्यक्षाचा सत्कार झाला आणि आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. हुकूमशहा गेल्यावर देशाला पुन्हा लोकशाहीत आणणारा माणूस, अशी त्याची ओळख करून दिली गेली. मऊ आवाज, त्याहून मऊ हात. आमच्याकडे एक काचही न फुटता सत्ता बदलली, असं तो सांगत होता. का फुटेल? जुने सेनापती त्याच बंगल्यांत राहतात, जुने न्यायाधीश त्याच खुर्च्यांत बसतात. याने कचेऱ्यांतल्या भिंतींवरचा फोटो तेवढा बदलला, आणि तिथे स्वतःचा लावला. इथल्या विद्यापीठात टाळ्या वाजवत नाहीत, मुठीने बाक ठोकतात. सगळं सभागृह बाक ठोकत होतं.

माझ्या शेजारी राहणाऱ्या बाई त्याच्याच देशातल्या. त्यांच्या नवऱ्याला सैनिकांनी घरातून नेलं, ते परत आलेच नाहीत. त्या उभ्या राहिल्या. "माझ्या नवऱ्याला नेणारा कॅप्टन आज कुठे आहे?"

तो हसला. "मॅडम, आम्ही सगळ्यांना क्षमा केली आहे."

"आम्ही म्हणजे कोण? मला तर कुणी विचारलं नाही."

त्याने घड्याळाकडे पाहिलं. बाक पुन्हा वाजले.

तेव्हा मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. आणीबाणी उठलीय, तुम्ही तुरुंगातून घरी आला आहात, मी सातवीत आहे. तुम्हाला पकडून नेणारा फौजदार आपल्या पाटावर मान खाली घालून बसलाय आणि तुम्ही त्याला स्वतःच्या हाताने चहा गाळून देताय. आई पाठ करून उभी. मी त्याचा कप उचलून मोरीत ओतला. तुमचा आवाज चढला नाही. "तुरुंगात मी होतो, तू नव्हतास. दुसरा कप आण." नंतर किती व्यासपीठांवरून मी असल्या चहाला भेकडपणा म्हणालो, तुमचं नाव न घेता. काल कळलं, तुम्ही फक्त तुमच्या वाटचं माफ केलं होतंत. आईला तुम्ही वळायलाही सांगितलं नव्हतं. हा गृहस्थ विधवांच्या वाटची माफी वाटत देशोदेशी फिरतो आणि वर सत्कार करून घेतो.

मी उठलो आणि फक्त त्या बाईंचे आभार मानले, प्रश्न विचारल्याबद्दल. एकही बाक वाजला नाही. आयोजक कानाशी आले. "पाहुण्यांचं नाव राहिलं."

"गेनाऊ," मी जर्मनमध्ये म्हणालो. म्हणजे अगदी बरोबर.

जिना उतरताना मला वाटलं, बाई काही चांगलं बोलतील. त्या म्हणाल्या, "छान बोललात. कॅप्टन अजून तिथेच आहे."

हे तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? पण एक सांगून ठेवतो. त्या दिवशी दुसरा कप मी आणलाच नाही, तुम्ही तुमचाच त्याच्यापुढे सरकवलात. आज एवढं सगळं कळूनही, अण्णा, मी तो आणला नसता.