डावीकडची सावली

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरदार. खडकीहून दोन बस बदलून धायरीला पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते आणि दुकानाचं शटर अजून अर्धंच वर होतं. मालक, म्हणजे बापूराव, आत वाकून उदबत्ती लावत होते. वेळेवर येणारं माणूस या दुकानाने पहिल्यांदाच पाहिलं, असं म्हणाले. कौतुक होतं की टोमणा, ते कळलं नाही. पुण्यात येऊन चार महिने झाले, तरी हे काही मला ओळखता येत नाही.

दुकान फ्लेक्सचं. वाढदिवस, निवड, उद्घाटन, श्रद्धांजली. इथे कुठलीही गोष्ट फ्लेक्सवर चढल्याशिवाय ती घडली असं कुणी मानत नाही. मला स्वतःचं टेबल मिळालं, फिरती खुर्ची मिळाली आणि सत्तावीस इंची नवा कोरा मॉनिटर. अकोल्यात मी सात वर्षं ज्या डबड्यावर डीटीपी केलं, त्यापुढे हा म्हणजे राजवाडा. राकेशला, माझ्या नवऱ्याला, फोटो पाठवला. यावर पिक्चर बघायचे की काम करायचं, असं त्याने विचारलं.

राकेश भोसरीला एका कारखान्यात कंत्राटी आहे. दोन-दोन शिफ्ट करतो आणि बाइकवर पेंगत घरी येतो. माझी ही नोकरी टिकली की त्याची जादा शिफ्ट सुटेल. एवढ्यासाठीच हे सगळं.

५ फेब्रुवारी, बुधवार

राजवाड्याला तडे आहेत. अक्षरं पुसट दिसतात आणि प्रत्येकाच्या उजवीकडे एक फिकट सावली. संध्याकाळपर्यंत डोळ्यांची आग होते.

हार्डवेअरवाला शुभंकर आला होता. मॉनिटर नवा, पण कॉम्प्युटर बारा वर्षांचा. तो आतल्या खोलीत छपाईच्या मशीनशेजारी असतो, कारण एसी तिथेच आहे. तिथून भिंतीतल्या भोकातून माझ्या टेबलापर्यंत दहा मीटर जुनी व्हीजीए वायर, निळ्या टोकाची. शुभंकर म्हणाला, या वायरीतून चित्र येतं तसं थोडं आपटून परत फिरतं आणि पुन्हा येतं. हे दुसरं चित्र उशिरा पोचतं. पडदा डावीकडून उजवीकडे रंगत जातो, म्हणून उशिराचं नेहमी उजवीकडे पडतं. वायर बदला, असं त्याने बापूरावांना सांगितलं. चालतंय की, मग कशाला बदलायची, असं बापूरावांनी त्याला सांगितलं. विषय संपला.

८ फेब्रुवारी, शनिवार

इथली पद्धत कळली. एका गिऱ्हाइकाची एकच फाइल. माणूस गेला की त्याच्या वाढदिवसाचीच फाइल उघडायची, फोटो तोच ठेवायचा, मजकूर बदलायचा आणि नावाआधी ‘कै.’ टाकायचं. लोकांचा चांगला फोटो वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच असतो, असं बापूरावांचं म्हणणं. खरंच आहे ते.

आज आमच्या समाजातल्या एका आजोबांचं काम आलं. मी ‘कै.’ काढून ‘कालकथित’ लिहिलं. बापूरावांनी हे काय म्हणून विचारलं. आम्ही बौद्ध, कैलासवासी लिहीत नाही, असं सांगितलं. ते चक्क ओशाळले. इतकी वर्षं त्या घरांना कै. छापून देत होतो आणि कुणी बोललं नाही, म्हणाले. मला तो शब्द कागदावर लिहायला लावला आणि कागद आपल्या टेबलाच्या काचेखाली सरकवला. माणूस वाईट नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शिवजयंतीची गर्दी. पाठ गेली. दुपारी रंगरावांचा फ्लेक्स केला. ते कोपऱ्यावरच्या रसवंतीचे मालक, परवा एकसष्ट पूर्ण. स्वतः येऊन बसले, मिशी जरा काळी कर म्हणाले.

काम संपवताना पाहिलं तर सावली डावीकडेही होती. ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’च्या डावीकडे बोटभर अंतर सोडून फिकट अक्षरं. पण तीच अक्षरं नव्हती. डोळे बारीक केल्यावर ‘भावपूर्ण’ एवढं वाचता आलं.

तोंड धुऊन आले. डोळे दमले की काहीही दिसतं.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रंगराव गेले. सकाळी उसाची मोळी उतरवताना खाली बसले ते उठलेच नाहीत. फाइल उघडा, मजकूर बदला, असं बापूराव म्हणाले.

बदलला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’मधलं ‘भावपूर्ण’ बरोबर त्याच जागी बसलं जिथे मी ते आठ दिवसांपूर्वी वाचलं होतं. नावाआधी कै. टाकलं. मिशी काळीच ठेवली.

२४ फेब्रुवारी, सोमवार

शुभंकर प्रिंटरसाठी आला होता. सावली डावीकडे पडू शकते का, असं सहज विचारलं. हसला. डावीकडे म्हणजे चित्राच्या आधी, म्हणाला. मॅडम, जे अजून आलंच नाही ते आपटून परत कसं येईल?

तो गेल्यावर द्वारकाताईंची फाइल घेतली. बचत गटाच्या अध्यक्षा, पन्नाशीचा फ्लेक्स. सावली होती. डावीकडेच, यावेळी अर्धं बोट.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

रात्रभर विचार केला आणि सकाळी द्वारकाताईंना फोन केला. काय सांगणार? तब्येत दाखवून घ्या, म्हटलं. त्यांनी हसण्यावारी नेलं. मग त्यांच्या सुनेने फोन घेतला. ऐन वाढदिवसाला अभद्र बोलायची तुमच्याकडे रीत हाय काय, असं तिने विचारलं. बापूरावांकडे तक्रारही केली. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. नोकरी टिकायला हवी.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

द्वारकाताई. जिन्यावरून पडून गेल्या. चार दिवस.

बोटाला आठ, अर्ध्या बोटाला चार. सावली जितकी जवळ तितके दिवस कमी. हे कोणाला सांगू? फाइल उघडली, मजकूर बदलला, सेव्ह केलं, आतल्या मशीनवर पाठवलं.

१ मार्च, शनिवार

बापूरावांनी खूश होऊन सांगितलं की सहा तारखेला तुमच्या लग्नाचा वाढदिवस ना, दुकानाकडून फ्लेक्स. इथल्या प्रत्येक माणसाला मिळतो, नाही म्हणायचं नाही. दोघांचा फोटो द्या आणि तुम्हीच बनवा, तुमच्यासारखं कुणाला जमत नाही.

राकेशचं नाव त्या पडद्यावर? नाही. मला बघायचं नाही.

डोळे चालले, वायर बदला, असं म्हणून बापूरावांपुढे रडले. खोटं रडायचं होतं, पण खरंच रडू आलं. ते घाबरले आणि लगेच शुभंकरला फोन लावला.

२ मार्च, रविवार

रविवार असूनही गेले. शुभंकरने कार्ड बसवून डिजिटल वायर जोडली. पडदा स्वच्छ. अक्षरं सुईने कोरल्यासारखी. सावली नाही, कुठेच नाही.

आमचा फ्लेक्स केला. ‘राकेश आणि उत्कर्षा, मंगल कामना.’ फोटो मागच्या वर्षीचा. मी त्यात जरा जास्तच हसते आहे. पाठ टेकून बराच वेळ नुसती बघत बसले. किती दिवसांनी बरं वाटलं.

३ मार्च, सोमवार

दिवसभरात सात फ्लेक्स केले. सातही स्वच्छ. सात हसरे चेहरे, आणि मला काहीच माहीत नाही.

वायर काढली म्हणून सावली गेली. जे व्हायचं ते कुठे गेलं? ते तर—

४ मार्च, मंगळवार

राकेश शिफ्टवरून दोन तास उशिरा आला. फोन बंद. मी दारात उभी. आल्यावर म्हणाला, बाइक कडेला लावून झोपलो होतो, डोळे मिटत होते.

दोन तास. त्या दोन तासांत मी—

कळत होतं तेव्हा निदान बोटं मोजता येत होती. आता रोजच तो मरतो आणि रोजच घरी येतो. मला हे झेपत नाही. एकदाच बघते. आठ दिवस असले तर कामावर जाऊच देणार नाही. बाइकची किल्ली विहिरीत टाकीन.

५ मार्च, बुधवार

जुनी वायर सापडली. बापूरावांनी फ्लेक्सच्या गुंडाळ्या बांधायला घेतली होती. ते जेवायला घरी गेलेत. कार्डाला जुन्या-नव्या दोन्ही वायरींच्या खाचा आहेत. भोकातून ओढली, जोडली, मॉनिटरचं बटण दाबलं. पुसट झालं. माझं ओळखीचं पुसट.

आमची फाइल उघडली.

राकेशच्या नावाच्या डावीकडे काही नाही. काच पुसून पाहिलं. मोठं करून पाहिलं. काही नाही. खुर्चीत बसून रडले. त्याला काही होत नाही. काही होत नाही त्याला.

मग ओळ संपेपर्यंत वाचली.

माझ्या नावाआधी.

कालकथित.

इथे हा शब्द माझ्याशिवाय कुणाला— नाही. कागद. काचेखालचा. माझ्याच अक्षरात. बापूराव बघून टाइप करतील, एकेक अक्षर—

बोट ठेवलं. मावत नाही. नखही मावत नाही. अक्षराला चिकटूनच—

आतल्या खोलीतून जळाल्याचा वास येतोय. वायर गरम—

राकेशला फोन लावलाय. रिंग जातेय. उचल रे. एवढंच सांगायचंय, तुला काही होत नाही, तू ती जादा शिफ्ट