डाळिंबाचं प्रभुभोजन

अल हिलाल, दोहा
शुक्रवार, दुपार

प्रिय राजी,

जय ख्रिस्त. पाकिटावरचं माझं अक्षर बघून तू आधी घाबरली असशील आणि मग वैतागली असशील, हे मला इथे बसून दिसतंय. घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. पत्र लिहायचं कारण एवढंच, की फोनवर मी बाबांचं नाव काढलं की तुझ्याकडे नेमका कुकर शिट्ट्या द्यायला लागतो, नाहीतर शाळेची मीटिंग निघते. दोन वर्षांत तुझ्या शाळेने जेवढ्या मीटिंगा घेतल्या तेवढ्या लोकसभेनेही घेतल्या नसतील. कागद काही मध्येच बंद करता येत नाही. तेव्हा चहा कर, बस, आणि शेवटापर्यंत वाच. थोरल्या बहिणीचा हुकूम समज.

तू माझ्याशी एकदाच मोकळेपणाने बोललीस. आई गेल्यानंतर आपल्या चर्चमध्ये पहिलं प्रभुभोजन होतं. आईने इतकी वर्षं चालवलेलं काम तू कुणी न सांगता अंगावर घेतलंस. काळ्या मनुका भिजवल्यास, तिच्याच पातेल्यात उकळल्यास, तिच्यासारखा दालचिनीचा तुकडा टाकलास, तिच्याच पंच्यातून गाळून द्राक्षरस केलास. आणि तो इवल्या पेल्यांचा ट्रे पहिल्या बाकावर बाबांसमोर आला, तेव्हा बाबांनी हात उचलला आणि तसाच खाली घेतला. ट्रे पुढे गेला. तू गायनवृंदातून ते पाहिलंस. ज्या माणसाने पाळक म्हणून उभी हयात इतरांना प्रभुभोजन दिलं, त्याने आपल्या मुलीच्या हातचा पेला घेतला नाही. त्या दिवशी रडत रडत मला म्हणालीस, आईला उपचारांसाठी पुण्याला न्यायचं नाही असं मी म्हटलं होतं, ते बाबांनी मनात धरलंय. त्यानंतर तू ना पातेल्याला हात लावलास, ना गायनवृंदात उभी राहिलीस. एका घरात दोघं, आणि बोलणं काय तर गॅस संपला, दूधवाला आला. म्हणून तर मी बाबांना इकडे आणलं.

इकडे आल्यावर बाबांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या नाकी नऊ आणले. इथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून आपली मराठी उपासनाही शुक्रवारी. बाबांना ते काही केल्या पटेना. प्रभू रविवारी उठला, यांच्या सोयीने नाही, असं म्हणून ते रविवारी सकाळी दाढी करून, कोट घालून सोफ्यावर बसायचे, आणि आम्ही नवराबायको, हर्षल आणि मी, डबे घेऊन कामावर पळायचो. शेवटी कृपाने त्यांना समजावलं. तुझी भाची मराठी सगळं समजते पण उत्तर इंग्रजीतच देते, तुला माहीतच आहे. ती म्हणाली, आजोबा, इन दोहा संडे कम्स ऑन फ्रायडे, इट्स व्हेरी सिंपल. ईस्टरआधीचा झावळ्यांचा रविवारसुद्धा इथे शुक्रवारी येतो, हे ऐकून बाबांनी कपाळाला हात लावला, पण त्या शुक्रवारी निमूट गाडीत बसले.

चर्चचा परिसर शहराबाहेर आहे. बाहेरून पाहिलंस तर तुला ते सरकारी गोदाम वाटेल. वर क्रूस नाही, घंटा नाही, दारात तपासणी. आत मात्र नुसती जत्रा. एका खोलीत मल्याळी, शेजारी फिलिपिनो, पलीकडे तमिळ, आणि आमची वेळ संपायच्या आत दाराशी पुढची मंडळी उभी. आम्ही मराठी म्हणजे मूठभर: नगरचे, जालन्याचे, मिरजेचे, त्यात कुणी नर्स, कुणी ड्रायव्हर, कुणी हर्षलसारखे वेस्ट बेच्या ऑफिसात मान मोडणारे. पेटी आहे, ढोलकी आहे, आणि कुणाचाही सूर कुणाशी जुळत नाही. मला वाटलं होतं, बाबांना हे सगळं बघून कसंतरी होईल. पण पहिलं भजन सुरू झालं आणि ते मांडीवर ताल धरायला लागले. मी लगेच मनात हुश्श केलं. घाईच केली म्हणायची, कारण पुढच्याच शुक्रवारी प्रभुभोजन होतं. ट्रे आला, बाबांनी डोळे मिटले, आणि ट्रे पुढे गेला.

दर महिन्याला तेच. आपले कायमचे पाळक इथे नाहीत, महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी हैदराबादकडचे एक पाळक येऊन हिंदीतून प्रभुभोजन देतात. मंडळीने बाबांना किती विनवलं, की तुम्हीच द्या. तर म्हणे, माझा झगा गावी राहिला. जणू पाळकपण त्या झग्यातच होतं. घरी जेवणाआधीची प्रार्थना ते कृपाला करायला लावायचे आणि स्वतः नुसतं आमेन म्हणायचे. राजी, मी तुला हे कधी सांगितलं नाही, पण मला भीती वाटायला लागली होती. आई गेली ती गेलीच, पण बाबांचा विश्वासही तिच्याबरोबर पुरला गेला की काय. कुठल्या तोंडाने विचारणार? त्यांनी ज्या घरी जाऊन सांत्वन केलं नाही असं आपल्या गावात एक घर नाही, आणि त्यांचं सांत्वन करायला आम्ही कोण.

त्यांचा जीव रमला तो फक्त कासमभाईंकडे. रत्नागिरीकडचे आहेत, अल मन्सूरात त्यांचं किराणा दुकान आहे. बाबा संध्याकाळी मेट्रोने तिथे जातात, आणि दोघं म्हातारे तांदळाच्या पोत्यांशेजारी स्टुलांवर बसून आपापल्या गावच्या पाण्याच्या तक्रारी करतात. कासमभाई त्यांना पाद्रीबाबा म्हणतात. कासमभाईंची बायको अमिना वारली त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी एकदा बाबांना सांगितलं, की ती गेल्यावर मी वर्षभर ईदच्या शेवया तोंडात घातल्या नव्हत्या, लोकांना वाटलं म्हातारा फिरला. हे मला हर्षलने सांगितलं, तो त्यांना आणायला गेला होता तेव्हा ऐकलेलं. तेव्हा मी ते नुसतं ऐकून सोडून दिलं. तसं सोडायला नको होतं, हे आता कळतंय.

आता खरी गंमत ऐक. आमच्याकडे द्राक्षरस करायचं काम जालन्याच्या नुपूरचं. ती मागच्या महिन्यात भावाच्या लग्नाला गावी गेली आणि जाताना काम माझ्या गळ्यात मारून गेली. आली का पंचाईत! घरी मनुका उकळल्या तर घरभर वास, आणि त्या वासाने बाबांना आई आठवणार. म्हणून मी शहाणपणा केला. लॅबमधली ड्यूटी संपवून कासमभाईंच्या दुकानात गेले. ते नमाजाला गेलेले, गल्ल्यावर दुसरंच कुणी. फळांच्या घट्ट रसाच्या बाटल्या मांडलेल्या, सगळ्या काळ्याभोर, नाव अरबीत. एका बाटलीवर लालचुटूक दाण्यांचं चित्र होतं. मला वाटलं, लाल द्राक्षं. घरी आणून कोमट पाण्यात कालवली, रंग अगदी आईच्या रसासारखा. आणि चाखून बघायचा तर प्रश्नच नव्हता. आईचा नियम तुला पाठ आहे: प्रभूच्या मेजावर जायच्या आधी ते कुणाच्या जिभेवर जायचं नाही. लहानपणी तू चमचा चाटलास म्हणून तुला कशी पिटाळली होती, आठवतं ना? मीही नियम पाळला आणि झाकण लावून मोकळी झाले.

मागच्या महिन्यातला पहिला शुक्रवार. पाळकांनी भाकर मोडली, प्रार्थना केली, आणि हर्षल ट्रे घेऊन फिरायला लागला. माझं लक्ष फक्त बाबांकडे. ट्रे त्यांच्यापुढे आला. त्यांनी डोळे मिटले नाहीत. वाकून जरासा वास घेतला. मग मी बघतेय तोवर हात पुढे केला आणि पेला उचलला. सगळ्यांनी एकदम प्यायचं असतं, तसं सगळ्यांनी एकदम प्यायलं, आणि खोलीतला एकूण एक चेहरा असा आंबला, जणू सगळ्यांना एकाच वेळी कच्ची चिंच चारली. मिरजेच्या काकूंना ठसका लागला. हैदराबादचे पाळक आशीर्वादाचं वाक्य अर्ध्यावर सोडून गप्प झाले. मी जमिनीत शिरायला जागा शोधत होते. आणि त्या शांततेत बाबा खणखणीत मराठीत म्हणाले, प्रभूला वधस्तंभावर शिरक्याची आंब पाजली होती, ती आज माझ्या शालूने आपल्या सगळ्यांना चाखवली. आधी कुणी हसावं की नाही हेच कळेना. मग बाबा स्वतःच हसले. तेच पूर्वीचं, खांदे उडवत हसणं, जे आई दटावायची. मग सगळी खोली हसली, पाळकही हसले, आणि हसता हसता बाबा रडायला लागले. ढोलकीवाल्याला देवाने बुद्धी दिली म्हणून त्याने लगेच भजन धरलं, आणि बाबा रडतच ते शेवटपर्यंत म्हणाले.

तिथून बाहेर पडायला नेहमी गाड्यांची रांग लागते. त्या रांगेत, कृपा मागे झोपलेली असताना, बाबा आपणहून बोलले. त्यांचेच शब्द सांगते. म्हणाले, शालू, त्या दिवशी ट्रे समोर आला आणि त्या पेल्यात तुझी आई होती. तोच वास, तीच दालचिनी. मला वाटलं हौसाने केलंय, म्हणून हात उचलला. मग आठवलं, ती नाही. पेला उचलवेना. पुढे दर वेळी मनुकांचा वास आला की तेच व्हायचं. आज वास नव्हता म्हणून घेता आलं. मी विचारलं, मग राजीला का नाही सांगितलंत? तर म्हणाले, पोरीने पाहिलं होतं हे मला कळलं, पण मला वाटलं माझा विश्वास उडाला असं ती समजली असेल, आणि पाळकाला त्याची लाज वाटते. पुण्याचं मी काढलं तेव्हा ते चक्क गोंधळले. त्यांच्या डोक्यातही ते नव्हतं. म्हणे, पुण्याला नको हे तर हौसाने मला रात्री हात धरून सांगितलं होतं, मला माझ्या घरात राहू द्या. राजी फक्त तेच बोलली जे तिच्या आईच्या मनात होतं.

वाचलंस ना? परत एकदा वाच. त्यांनी तुझ्या हातचं नाकारलं नाही, राजी. तुझ्या हाताला आईची इतकी हुबेहूब चव आली होती, की ती त्यांना सोसली नाही. दोन वर्षं तू ज्याला शिक्षा समजून बसलीस ती खरं तर तुझ्या हाताला मिळालेली पावती होती. मी त्या गाडीत इतकी रडले की हर्षलला रांगेत मागून हॉर्न ऐकावे लागले. पण ते रडणं फार हलकं करणारं होतं गं. देवाची दया बघ, माझ्या मूर्खपणातूनसुद्धा त्याने काम करून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आम्ही कासमभाईंकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिलं आणि पोट धरून हसले. म्हणाले, बहिणी, हा डाळिंबाचा रस, इथले लोक सॅलडवर घालतात, तू पूर्ण चर्चचं सॅलड केलंस, खलास! राहात्याच्या डाळिंबांच्या बागांत वाढलेल्या मुलीला डाळिंबाचे दाणे ओळखू येऊ नयेत, यावरून बाबा मला अजून चिडवतात. आता जेवणाआधी प्रार्थना तेच करतात, आणि इतकी लांबलचक, की वरण गार होतं. कुणाची तक्रार नाही. मंडळीला त्यांनी शब्द दिलाय, की पुढच्या खेपेला झगा घेऊन येतो.

आता हे पत्र का, ते सांगते. हे मी माझ्या मनाने लिहिलेलं नाही. बाबाच म्हणाले, शालू, हजारो प्रवचनं केली, पण एवढं एक मला तिच्यासमोर बोलता येणार नाही, तू लिहून दे, मी नेऊन देतो. पाकिटावर टपालाचं तिकीट नाही, हे तुझ्या लक्षात आलं का? ईस्टरला तिकडे असावं म्हणून ते आले आहेत, आणि पाकीट तुझ्या हातात देऊन आता बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले असतील. वाचत एक अक्षर नसतील. त्यांनी हे वाचलेलं नाही, पण आत काय आहे ते त्यांना माहीत आहे. तू बाहेर जाऊन काही बोलू नकोस, त्यांनाही बोलायला लावू नकोस. त्यांच्या बॅगेत कासमभाईंनी दिलेल्या काळ्या मनुकांची पुडी आहे, वरच्याच कप्प्यात. ती काढ, आईचं पातेलं खाली घे आणि मनुका भिजत घाल. उकळताना दार लावू नकोस. वास आला, की ते आपणहून स्वयंपाकघरात येतील.

तुझीच,
शालूताई