रिकामा रकाना

१३ जानेवारी १९७८

— आणि वर मलाच म्हणते, "आत्या, हळू बोला, बाळ उठंल!" मी का हळू बोलू? हिचे डोहाळे मी पुरवले. पहिलटकरीण म्हणून माहेरी धाडली, आष्ट्याजवळच्या वाडीत. परवा पोरगी झाली, तर डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन दोन एस्ट्या बदलून आले. आणि आज ही माझी सून शालू सांगते, पोरगी आमच्या हंबीररावची नाही! म्हणजे आहे, पण नाही!

त्याला मिल्ट्रीत गालगुंड झाले होते. मूल होणार नाही म्हणून तिथल्या डॉक्टरनं सांगितलं. हे मला आज कळतंय. मागल्या एप्रिलात रजेवर आला तेव्हा दोघं मिरजेच्या डॉक्टरकडं गेली. बी दुसऱ्या कुणाचं, सुईनं घातलं. कुणाचं, ते डॉक्टर सांगत नाही.

"तुमच्या लेकानं कागदावर सही केलीया, आत्या. त्यो म्हणला, पोरगं माझंच."

सही केली! आणि मला कुणी विचारलं?

१४ जानेवारी

संक्रांत. कुणाला तिळगूळ दिला नाही. कुणी मला दिला नाही.

१६ जानेवारी

केलं ते लिहिते.

सकाळी चावडीत ग्रामसेवक जन्माची नोंद लिहीत होता. शालूचा बाप नानासो सांगत होता — बापाचं नाव हंबीरराव नाथाजी. मी मधेच बोलले. थांबा, खोटं लिहू नका! आमची जर्सी कालवड अशीच सुईनं झाली, तर गुरांच्या डॉक्टरनं कार्डावर वळूचा नंबर घातला. जनावराचं खरं लिहायचं आणि माणसाचं खोटं?

सहा-सात माणसं बसलेली. आधी कुणाला उमगलं नाही. मग उमगलं.

गुंडा म्हणून एक बिडी ओढत होता. म्हणाला, "मग आणा की मावशी, मिरजंसनं नंबर!"

सगळे हसले. नानासो हसला नाही. टोपी काढली, झटकली, परत घातली आणि बाहेर गेला.

ग्रामसेवक म्हणाला, "तुमच्यात काय ते ठरवा. तवर बापाचा रकाना रिकामा ठेवतो."

वाटलं होतं खरं बोलले की मोकळं वाटेल. चावडीच्या पायऱ्या उतरताना पदर तोंडावर घेतला.

१७ जानेवारी

घरी आले. निघताना शालूनं तोंड भिंतीकडं केलं. तिची आई रंगुबाईनं लाडवांचा डबा हातात दिला. भरलेला. एक लाडू कमी नाही!

पोरीनं माझं बोट धरलं होतं. सोडेना. मी सोडवून घेतलं. एस्टीत सारखं तेच बोट बघत बसले.

१८ जानेवारी

मालकांना सगळं सांगितलं. चावडीतलंही. वाटलं शिव्या देतील — मला, नाहीतर शालूला. ते उठले, कालवडीला पाणी दाखवलं, वैरण टाकली. जेवले नाहीत.

एक गोष्ट मी या वहीतही कधी लिहिली नाही. लिहिणार नाही. पण खरं-खोटं करत चावडीत ओरडायला मी कोण? बाळंतिणीची अब्रू काढली मी. माझ्याच सुनेची.

१९ जानेवारी

रंगुबाईचं कार्ड आलं. शेजारच्या पोराकडून लिहून घेतलेलं दिसतंय. "रविवारी बारसं. बापाचं नाव लावून या. न्हाईतर येऊ नका."

मालकांना वाचून दाखवलं. कार्ड घेतलं, कोपरीच्या खिशात घातलं.

२० जानेवारी

आज मालक बोलले. माझ्याकडं न बघता.

"हंबीरराव झाला तवा मी ब्रह्मदेशात व्हतो. सव्वा वरीस घरी आलो न्हवतो. महिनं मलाबी मोजता येत्यात. लढाईवरनं आलो त्यो आदी औंधला, तुझ्या माहेरी. पाटलाम्होरं हुबा ऱ्हायलो आन् बापाच्या जागी माझं नाव लिवून घेतलं. तुला कवा काय इचारलं का?"

बत्तीस वर्षं! मी समजत होते त्यांना ठाऊक नाही.

"उद्या शनवार. सकाळच्या एस्टीच्या आत सांग. पोरीच्या बापाचं नाव चावडीत तू सांगतीस, का मी जाऊ?"