चातुर्मासातला कांदा आणि आत्याचा डावा डोळा

महाल, नागपूर
श्रावण वद्य पंचमी

तीर्थस्वरूप मोठेबाबांच्या पायांवर डोकं टेकून गोपिकेचा नमस्कार. आपला दमा कसा आहे? मिरचीच्या कोठीत बसू नका असं मोठीआई सांगत असेल आणि आपण तिथेच बसत असाल, तेव्हा त्याबद्दल जास्त लिहीत नाही. इकडे सर्व कुशल आहे. कुशल कसलं, विजय आहे, विजय! पण सुरुवातीपासून सांगते, कारण आपल्याला मधूनच सांगितलेलं चालत नाही (आणि मला थोडक्यात सांगता येत नाही).

बाबांनी मला सायन्सला घातलं ते एका अटीवर, हे आपल्याला ठाऊकच आहे. राहायचं प्रयागआत्याकडे, आणि तिची एक जरी तक्रार नरखेडला पोचली तर पुस्तकं गुंडाळून घरी. आता आत्या कशी आहे हे तिच्या सख्ख्या भावाला मी काय सांगावं? कांदेनवमी झाली की तिच्या घरात कांद्याचं नावही निघत नाही, थेट कार्तिकी एकादशीपर्यंत. आणि नेमकं याच दिवसांत आमच्या सरांनी फर्मान काढलं, की ज्याने त्याने आपल्या घरी कांद्याला मुळं फोडावीत आणि घेऊन यावीत, पेशींची विभागणी पाहायची आहे. (सजीवाचं सगळं अंग पेशी नावाच्या बारीक बारीक खोल्यांनी बांधलेलं असतं. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार, असं करत कांदाही वाढतो आणि आपणही. मुळाच्या टोकाशी हा कारभार भलताच जोरात चालतो.) होस्टेलच्या पोरांचं काय जातं, खानावळीतून कांदा उचलला की झालं. मी तो इतवारीतून पुस्तकांच्या पिशवीत लपवून आणला आणि पाण्याच्या पेल्यावर बसवून कोठीघरात लोणच्याच्या बरणीमागे दडवला. मुळं काय सुंदर फुटली म्हणून सांगू! पांढरीशुभ्र, म्हाताऱ्याच्या दाढीसारखी. फक्त पेल्यातलं पाणी बदलायचं माझ्या डोक्यात राहिलं नाही, आणि त्या पाण्याला असा काही वास सुटला की आत्या माजघरातून नाक उडवतच उठली.

"कोनं आणला वं कांदा माह्या घरात?" ती ओरडली. मी तोंड उघडणार, तोच वामनराव आतोबा हातातली सुपारी टाकून उभे राहिले आणि म्हणाले, "चुकलं माझं. पण घरात नाही आणला वं देवाशपथ, दर शनिवारी सीताबर्डीवरच कांद्याची भजी खाऊन येतो!" बिचारे! वीस माणसांच्या कचेरीचे हेडक्लार्क, आणि कोणी न विचारता दर शनिवारची भजी कबूल करून बसले. मी लगेच कांदा माझा आहे म्हणून पुढे झाले, पण त्याने त्यांची काही सुटका झाली नाही. उलट आम्ही दोघेही एका रांगेत आलो. आत्याने त्याच तिरीमिरीत नरखेडहून बाजाराला आलेल्या आपल्या शालिकरामजवळ बाबांना निरोप धाडला, "पोरगी हाताबाहेर गेली, घेऊन जा." मोठेबाबा, खरं सांगते, त्या रात्री मी उशीत तोंड खुपसून रडले.

पण आत्याचा राग असा एका निरोपात संपतो होय? सकाळी मी मुळांची टोकं कापून बाटलीत घातली आणि कॉलेजला निघाले, तर ही टांग्यात आधीच बसलेली. म्हणे, "तुह्या सरले इचारतो मी, चातुर्मासात लोकाच्या घरात कांदे काहून पाठवून राहिले!" मराठीत काय नि इंग्रजीत काय, सरांना बायकांशी बोलायची अजिबात सवय नाही. आत्याचा नऊवारीचा काष्टा आणि कपाळावरचा अधेलीएवढा कुंकवाचा टिळा पाहून ते स्वतःचीच खुर्ची पुढे करून मागे सरकले. मग मी टोक रंगात बुडवलं, काचेवर दाबलं, काच मायक्रोस्कोपच्या भिंगाखाली सरकवली, आणि म्हटलं, आत्या, शिव्या मग दे, आधी पाहा. आता आत्याला एकच डोळा मिटता येत नाही. एक मिटला की दुसराही मिटतो! शेवटी तिच्या डाव्या डोळ्यावर मी तळवा धरून उभी राहिले.

आणि ती भिंगाला जी चिकटली ती हलेना. मोठेबाबा, आत्या शिव्या द्यायचं विसरली! भिंगाखाली एका पेशीतले लाल दोरे दोन बाजूंना ओढले जात होते तसेच थिजलेले, आणि शेजारच्या खोलीत मध्ये नवी भिंत उभी राहिलेली. मग मी काच सरकवून मुळाचा वरचा भाग दाखवला. टोकाशी साऱ्या पेशी एकसारख्या. थोडं वर गेलं की काही लांबून पाण्याच्या नळ्या झालेल्या, काही वरची साल, काहींना पाणी शोषायला केस फुटलेले. आपलंही असंच, म्हटलं. एकाच पेशीपासून सुरुवात, मग कोणी डोळ्याची होते, कोणी हाडाची, कोणी मेंदूची.

"आन् जिभीची?" आत्याने भिंगावरचा डोळा न काढता विचारलं.

जिभेचीही, मी म्हटलं.

"मंग तुह्या आतोबाच्या साऱ्या तिकडंच गेल्या वं."

सर इतके हसले की त्यांचा चष्मा पडला. नंतर माझीच काच त्यांनी साऱ्या वर्गाला दाखवली, पोरांची रांग लागली, आणि होस्टेलच्या खानावळीतल्या एकाही कांद्यात अशी विभागणी दिसली नाही! आत्या दाराशी उभी राहून प्रत्येकाला सांगत होती, "आमच्या घरचा कांदा आहे तो." आता पेला उघडपणे कोठीघराच्या खिडकीत असतो आणि पाणी आत्या स्वतः बदलते. कांदा खायचा नाही हा नेम आहे, वाढवायचा नाही असं कुठं आहे, असा तिने निवाडा दिलाय. आतोबांची भजी मात्र बंद.

मोठीआईला नमस्कार सांगावा. कळावे, लोभ आहेच, तो या पत्राने पातळ होऊ नये.

आपली
गोपिका

ता. क. खरं म्हणजे पत्र यासाठी लिहिलं. शालिकरामने निरोप पोचवला आणि बाबांचं उत्तर आलं, की रविवारी न्यायला येतो, पेटी भरून ठेवा. आत्याला आता मला पाठवायचं नाही, पण धाकट्या भावापुढे शब्द फिरवणं तिला जन्मात जमलेलं नाही. म्हणून आपण शनिवारीच यावं आणि मला राहू दे म्हणून तिला गळ घालावी. ती तीनदा नाही म्हणेल आणि चौथ्यांदा आपल्या शब्दाखातर ऐकेल. कृपा करून दुसऱ्या नाहीला हात टेकू नका.

दुसरा ता. क. पत्र आत्याला वाचून दाखवलं. ती आपल्याबद्दल म्हणते, "तीनदा नाही, एकदाच नाही म्हनीन म्हणून लिही. रूपदादा लय भिडेचा मानूस, दुसऱ्यांदा म्हटलं त खरंच घेऊन जाईन पोरीले."