पायाने तुडवलेल्या पिठाचे दुकान

आज सकाळी डॉ. असलम पिंजारी यांनी मला तपासून लेखी दिले, की लोटन पुना चौधरी, वय ६८, राहणार धुळे, यांचे हृदय थकले आहे. बुद्धी व स्मरण शाबूत आहे. तेव्हा कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. पत्नी सुमनबाई हयात नाही. मूलबाळ नाही.

१. सोनगीरचे घर व शेत पुतण्या लीलाधर यास. मोटार स्टँडमागच्या दुकानावर त्याचा हक्क नाही. त्याला तिथे कॅसेटी विकायच्या आहेत.

२. दुकान, भट्टी, भांडी व लाटणे कुंदाबाई सोनवणे हिला. पंचवीस वर्षे मी मालवाहू जहाजावर भंडारी, म्हणजे स्वयंपाकी, होतो. जपानी बंदरांत उदोन, म्हणजे गव्हाच्या जाड शेवया, शिकलो. पीठ फार घट्ट असते. कापडात गुंडाळून, धुतलेल्या पायांनी तुडवावे लागते. आठ वर्षे मी याच शेवया या दुकानात विकतो; पीठ कामाला असलेली कुंदाबाई तुडवते.

हे मी पाटीवर लिहिले आणि निम्मे गिऱ्हाईक तुटले. लीलाधर दारातून ओरडला, "नाना, बठ्ठं गाव हासी राह्यनं! पायवरी पीठ?"

मी म्हणालो, "खळामा बैलना पायखालना गहू खास ना तू? मंग आमना पायनी काय पाप करं?"

कुंदाबाईने हळूच विचारले, "नाना, पाटीवरना 'पाय' तेवढा पुसी टाकू का?"

"पाय धुई ले. पाटीले हात लावू नको."

३. पाटी तशीच राहील.

४. माझी वही कुंदाबाईकडे राहील. जपानला जाणाऱ्या कोणालाही वाचू द्यावी. ताकामात्सूची शेवई चिवट. धक्क्यामागच्या गल्लीत सकाळी सहाला खावी, नंतर संपते. ओसाकाची मऊ, तिथे रस्सा बघावा. नागोयाची चपटी. इसेची जाड नि लुसलुशीत, देवळाच्या वाटेवर, काळ्या रश्शात. अकिताची बारीक, वाळवलेली. धुळ्यात ताकामात्सूची मिळते, फक्त आमच्याकडे. तिच्यात काळा मसाला घालू नये. कोणी मागितलाच तर वेगळ्या वाटीत द्यावा, तोंड वाकडे करून.

५. लीलाधर दावा लावील, असे वकील सांगतात. लावावा. पण मी गेल्यावर त्याला दहा दिवसांचे सुतक आहे, घरात बसावे लागेल. कुंदाबाई माझ्या नात्यातली नाही, तिला सुतक नाही. तिने दुसऱ्याच दिवशी सकाळी सातला दुकान उघडावे. तो बाहेर पडेल तोवर बाकावर गिऱ्हाईक बसलेले असेल.

सही : लोटन पुना चौधरी
साक्षीदार : १. डॉ. असलम पिंजारी २. झुलाल भटू माळी, घड्याळ दुरुस्ती, शेजारचा गाळा
धुळे, दि. ११ ऑक्टोबर १९९३