दामिनीच्या वाट्याचा बँड

मी, बाबुलाल योहान घोडेस्वार, वय वर्षे एकाहत्तर, पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधला निवृत्त क्रेन ऑपरेटर, राहणार वैशाली नगर, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणी भरीस न घालता, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझं हृदय थकलं आहे, डोकं शाबूत आहे. माझी ख्रिस्तवासी बायको वच्छला आज असती, तर या वाक्याच्या दुसऱ्या भागाला तिने हरकत घेतली असती.

वकीलसाहेब म्हणाले, हिंदीत लिहा, पुढे सोपं जाईल. पण माझे वडील नागपूरकडून रेल्वेच्या नोकरीवर दुर्गला आले, तेव्हा मराठी बायबल आणि एक कॉर्नेट, म्हणजे फुंकायचं छोटं पितळी वाद्य, एवढंच घेऊन आले होते. मला जे कबूल करायचं आहे ते मराठीतच जमेल.

१. ऑगस्ट २०१३ मध्ये केलेलं माझं पहिलं मृत्युपत्र रद्द समजावं. आमच्या चर्चच्या मंडळीच्या बँडबरोबर फिजीला जाण्याआधी, विमानाच्या धास्तीने ते लिहिलं होतं. त्यात म्हटलं होतं की माझ्या दफनाला पूर्ण बँड गणवेशात उभा राहावा आणि शेवटचं कडवं देवीदासने युफोनियमवर एकट्याने वाजवावं. हे कलम विशेष करून रद्द. कारण पुढे येईल.

२. वैशाली नगरचं घर मुलगा राहुल आणि मुलगी भाग्यश्री यांना निम्मं निम्मं. विकायचं तर विका, पण मागचं सीताफळाचं झाड तुमच्या आईने लावलेलं आहे, ते घेणाऱ्याला सांगून विका. उतईचा प्लॉट एकट्या भाग्यश्रीला, कारण आईच्या शेवटच्या दोन वर्षांत रजा तिने काढल्या. राहुलने फोन केले. राहुल, हा टोमणाच आहे, आणि तरीही तू माझा लाडका आहेस.

हा मसुदा पाहून राहुल म्हणाला, "पप्पा, ये सब कोर्ट में नहीं चलता. प्रॉपर्टी लिहा अन् सही करा."

मी म्हटलं, "कोर्टात नाई चालन तं नको चालू. तू तं वाचशील ना."

३. बँकेत असेल ते दोघांत सारखं. भांडू नये, भांडण्याइतकं ते नाही. पेटी साधी करावी. सागवानाची गरज नाही, मी कुठे बाहेर पडून ती पाहणार आहे.

४. वडिलांचं कॉर्नेट बँडला. बँडमध्ये आता सातच जण उरले आहेत. पितळ पॉलिशचा डबा आणि फडकी मात्र मंडळीच्या कमिटीला, ज्यांनी बँडची खोली कीबोर्ड आणि स्पीकर ठेवायला मागितली. स्पीकर चकचकीत ठेवावेत.

५. आता देवीदास.

देवीदास तायडे जामुलला राहतो, सिमेंटच्या कारखान्यात होता. माझ्याहून आठ वर्षांनी लहान. युफोनियम म्हणजे मांडीवर घेऊन वाजवायचं जड पितळी वाद्य, आवाज खालचा आणि मऊ. तीस वर्षांच्या बँडमास्तरकीत त्याच्यासारखा वाजवणारा मला दुसरा भेटला नाही.

आमच्या बँडची एक रीत आहे. बँडवाल्याच्या घरात कुणी गेलं, तर अख्खा बँड कबरीपाशी उभा राहून वाजवतो. ज्याच्या घरचं माणूस गेलं, तो त्या दिवशी वाजवत नाही. तो घरच्यांत उभा राहतो आणि त्याचा भाग दुसरं कुणी भरून काढत नाही. गाण्यात तेवढी जागा रिकामी राहते. बाहेरच्या माणसाला वाटतं चुकलं. आम्हाला माहीत असतं कोण उभा आहे.

फिजीला आम्ही अकरा जण गेलो. बारावे रामाजी, मोठा ढोल वाजवणारे, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. ते प्रवासाला नको म्हणाले आणि ढोल विमानाला नको झाला, म्हणून दोघेही मागे राहिले. तिकडे उसाच्या मळ्यांतल्या लहान लहान चर्चांत आम्ही वाजवलं, इस्पितळात खाटांजवळ उभं राहून प्रार्थना केली, तुरुंगातही गेलो. लोकांचे पणजोबा हिंदुस्थानातून ऊस तोडायला नेलेले. त्यांची हिंदी वेगळीच, पण कळायची. एक म्हातारी माझा हात धरून विचारत होती, तुम्ही खरंच तिकडून आलात का. मला फार मोठं काम करून राहिल्यासारखं वाटत होतं.

शनिवारी, १४ सप्टेंबरला, दुपारी वच्छलाचा फोन आला. तिथे चालणारा फोन एकट्या माझ्याकडेच होता.

"दामिनी गेली हो," ती म्हणाली. "डेंगू झालता. तीन दिवसांत गेली. देवीदासभाऊले सांगा. मनकर्णानं पोरीले बर्फावर ठेवलं आहे, बाप येईस्तोवर."

दामिनी देवीदास आणि त्याची बायको मनकर्णा यांची एकुलती एक मुलगी. सोळा वर्षांची होती.

देवीदास तेव्हा समोरच अंगणात तिथल्या मुलांना युफोनियममध्ये फुंकायला शिकवत होता. मुलं गाल फुगवत होती आणि तो हसत होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता लौटोका शहरातल्या हॉलमध्ये आमचा मोठा कार्यक्रम होता. आठ महिने तालमी केल्या होत्या आणि त्याचा सगळा भार देवीदासच्या एकट्याच्या वाजवण्यावर होता.

मी वच्छलाला म्हटलं, "सांगतो. पण मंगळवारच्या आधी विमान नाई. पोरीले थांबवू नका."

विमान आहे की नाही हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. नंतर तिथल्या पाळकसाहेबांनी सांगितलं की शनिवारी संध्याकाळी एक होतं. त्या विमानाने देवीदास निघाला असता तर सोमवारी सकाळी घरी पोचला असता आणि मनकर्णाने तोवर वाट पाहिली असती. मी स्वतःची समजूत घातली की हे प्रभूचं काम आहे, शंभर माणसांचं भलं व्हायचं आहे. ते खोटं होतं. मला माझा कार्यक्रम मोडायचा नव्हता.

रविवारी देवीदासने असं वाजवलं की हॉल रडला. मी समोर उभा राहून हात हलवत होतो. तिकडे चार वाजून गेले होते, म्हणजे भिलाईत सकाळचे साडेनऊ, आणि त्याच वेळी दामिनीला मातीत उतरवत होते. तिच्या कबरीपाशी बँड नव्हता. बँड माझ्यासमोर होता. एकटे रामाजी ढोल गळ्यात अडकवून आले आणि सावकाश ठोके देत राहिले. वच्छला सांगायची, गाणं कोणतं आहे ते कुणालाच कळलं नाही.

कार्यक्रम आटोपल्यावर मी देवीदासला सांगितलं. तो म्हणाला, "तुले कधी समजलं?"

"काल दुपारी."

"म्हंजे मी पोरायले हसवून राहिलो होतो, तवा तुले मालूम होतं."

त्याने युफोनियम पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी माझ्या पायाशी आणून ठेवली. त्यानंतर बारा वर्षांत तो बँडमध्ये आला नाही आणि माझ्याशी एक शब्द बोलला नाही. वच्छला मला म्हणायची, "जाऊन माफी मांगा. देव दूर आहे, जामुल जवळ आहे." मी गेलो नाही. बँडमास्तरने बँडवाल्याची माफी कशी मागायची, हा माझा तोरा. चार वर्षांपूर्वी ती गेली तेव्हा देवीदास दफनाला आला, मागे उभा राहिला आणि मूठमाती देऊन निघून गेला. मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. मला याची लाज वाटते. ती मी इथे लिहून ठेवतो, म्हणजे माझ्या पश्चात कुणी मला भला माणूस म्हणून गुंडाळू नये.

६. माझ्या दफनाला बँड वाजू नये. माझ्या वाट्याचा बँड मी दामिनी देवीदास तायडे हिला देतो. मला माती दिल्यावर बँडने तिच्या कबरीपाशी जावं आणि तिथे वाजवावं. युफोनियम देवीदासला द्यावं. बारा वर्षं दर शनिवारी मी ते पुसलं आहे, कळांना तेल दिलं आहे. ते आजही वाजेल.

*

कलम सहा रद्द. त्याचं कारण लिहितो.

साक्षीदार म्हणून मनकर्णाची सही मागायला मी आज सकाळी जामुलला आलो. शेजारच्या सिंधुताई, निवृत्त नर्स, सोबत आल्या, कारण मला एकट्याला रिक्षात कुणी सोडत नाही. युफोनियमही आणलं. वकीलसाहेबांनी बजावलं होतं की साक्षीदाराला किंवा त्याच्या नवराबायकोला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. मनकर्णाने सही केली तर देवीदासचं युफोनियम बाद होईल. म्हणून ते जिवंतपणीच द्यायचं ठरवलं.

देवीदास ओसरीच्या टोकाला पाठ करून बसला होता. मी त्याच्या पाठीला म्हटलं, "देवीदास, विमान होतं. मी विचारलं नाई. मले माफ कर." बारा वर्षं जे जमलं नाही ते बोलायला एवढासाच वेळ लागला. त्याने मान वळवली नाही. पेटी मी पायरीवर उन्हात ठेवली.

मनकर्णाने कागद शेवटपर्यंत वाचला, सहावं कलम दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाली, "भाऊ, तुमी मरेपर्यंत माह्या पोरीनं आखीन थांबाव काय?"

मरणानंतर द्यायचं ठरवून मी पुन्हा एकदा माझीच सोय पाहिली होती. म्हणून इथेच, त्यांच्या ओसरीवर बसून, नवीन कलम लिहितो.

७. उद्या रविवारी उपासना सुटल्यावर बँड दामिनीच्या कबरीपाशी वाजवेल. सातही जणांना फोन झाले आहेत. उभं राहवलं तर उभा राहून, नाहीतर खुर्चीवर बसून, हात मी हलवीन. युफोनियमचा भाग कुणीही वाजवणार नाही. ती जागा बापाची आहे. तो आला तर घरच्यांत उभा राहील, न आला तरी ती रिकामीच राहील.

हे लिहीत असताना देवीदास उठला. पायरीवरची पेटी उचलून त्याने सावलीत सरकवली आणि पुन्हा जाऊन बसला. याचा अर्थ मी लावत नाही, फक्त पाहिलं ते नोंदवतो.

८. माझ्या दफनाला रामाजींचा ढोल तेवढा वाजवावा. रामाजी आता नाहीत, ढोल बँडच्या खोलीत आहे. एकच माणूस, एकच ढोल, सावकाश. गाणं कोणतं ते कुणाला कळलं नाही तरी तसंच वाजवत राहावं.

स्थळ: देवीदास तायडे यांची ओसरी, जामुल, भिलाई
दिनांक: ११ ऑक्टोबर २०२५, शनिवार

सही: बाबुलाल योहान घोडेस्वार

आमच्या दोघींच्या समोर, वाचून आणि समजून, त्यांनी सही केली म्हणून आमच्या सह्या:

१. सिंधुताई वामन लोखंडे, राहणार वैशाली नगर
२. मनकर्णा देवीदास तायडे, राहणार जामुल, दामिनीची आई